पगार वाढवला, तरी ड्रायव्हर टिकत नाहीत

वाचकाचं पत्र:

चाकणला आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. घरच्या २६ गाड्या. माल बहुतेक ऑटो पार्टचा, लाइन चाकण-होसूर (बेंगळुरूजवळ) आणि चाकण-चेन्नई. तीन वर्षांपूर्वी वडिलांकडून कारभार माझ्याकडे आला. गेल्या वर्षभरात ११ ड्रायव्हर सोडून गेले. पगार तीन हजारांनी वाढवला, जीपीएस लावलं, केबिनमध्ये कॅमेरे बसवले, व्हॉट्सॲप ग्रुप काढून त्यावर रोज सूचना टाकतो. अंगठा दाखवण्यापलीकडे कोणी बोलत नाही. गेल्या महिन्यात एकाने तर भरलेली गाडी हुबळीजवळ पंपावर लावली, किल्ली पंपवाल्याकडे दिली आणि बस पकडून गावी गेला. तेव्हापासून फोन बंद. वडील म्हणतात, त्यांच्या वेळी माणसं दहा-दहा वर्षं टिकायची, तुला बोलता येत नाही. सुपरवायझर म्हणतो, हल्लीची पोरंच बेइमान. ड्रायव्हरांसाठी मोटिव्हेशनचं व्याख्यान आणि शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवायचा विचार आहे. उपयोग होईल का? आणि ड्रायव्हरच्या घरच्यांचे नंबर ऑफिसात ठेवावेत का?
(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर:

सत्कार जरा पुढे ढकला. आधी त्या हुबळीवाल्या ड्रायव्हरचे फोन तपासा.

गाडी सोडण्याआधीच्या पंधरा दिवसांत त्याने ऑफिसला कितीदा फोन केला, कोणी उचलला, काय उत्तर मिळालं, हे सुपरवायझरला विचारू नका, स्वतः ऑफिसचा मोबाइल हातात घेऊन बघा. त्याने काहीतरी मागितलं असणार. सुट्टी मागितली असेल, भत्ता मागितला असेल, नाहीतर गाडी कधी खाली होणार एवढंच विचारलं असेल. आणि त्याला ‘बघतो’, ‘सांगतो’, ‘तू आधी पोच’ यांतलं एक उत्तर मिळालं असेल. भरलेली गाडी वाटेत सोडून जाणं चूकच, त्यात दुमत नाही. पण त्याने गाडी लावली कुठे, ते बघा. अंधारात रस्त्याच्या कडेला सोडली नाही. पंपावर, उजेडात, कॅमेऱ्यासमोर लावली आणि किल्ली माणसाच्या हातात देऊन गेला. बेइमान माणूस एवढी काळजी घेत नाही. तुमच्या ऑफिसशी बोलायचं त्याला नकोसं झालं होतं, मालाशी त्याचं वैर नव्हतं.

वडिलांचं म्हणणं मात्र अर्धंच खरं धरा. त्यांच्या काळी दर दोन तासांनी ड्रायव्हरला फोन करायची सोयच नव्हती, त्यामुळे बोलणं कमी व्हायचं आणि जे व्हायचं ते समोरासमोर. ट्रिप संपली की ड्रायव्हर मालकाच्या टेबलापाशी बसायचा, चहा यायचा, हिशोब व्हायचा, त्याच बैठकीत पुढच्या फेरीचं ठरायचं. आता ऑफिसातून ड्रायव्हरला दिवसाकाठी सात-आठ फोन जातात आणि त्यातले बहुतेक एकाच प्रश्नाचे: कुठे पोचलास? ते तर जीपीएसच्या पडद्यावर दिसतंय. तरी विचारायचं. बरं, तो गाडी चालवत असतानाच विचारायचं. चालत्या गाडीत फोन हातात धरला म्हणून चलान त्याच्या नावावर, आणि फोन लावणारे आपण! गाडी उभी आहे हे पडद्यावर बघून मगच फोन लावायचा, हा नियम आजपासून करा. फुकट आहे, आणि ऑफिसात आपल्या जिवाची कोणाला तरी पडली आहे हे माणसाला कळतं.

तुमची एक समजूत आधीच दूर करतो, की हा रोग आपल्याकडचाच. अमेरिकेत केबिन बरी, रस्ते बरे, पैसाही बरा. तरी तिथल्या मोठ्या ट्रकलोड (एका गिऱ्हाइकाचा भरून ट्रक नेणाऱ्या) कंपन्यांत ड्रायव्हरांची वर्षाची गळती कैक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. माणसं धंदा सोडत नाहीत, या कंपनीतून त्या कंपनीत जातात. तुमच्या अकरांपैकी किती जण आज चाकण-तळेगाव पट्ट्यातच दुसऱ्याची गाडी चालवताहेत, ते शोधा. बहुतेक सगळेच असतील.

आता मुख्य गोष्ट. ड्रायव्हरला जे सांगायला हवं ते तुमच्या ऑफिसला आधीच माहीत असतं आणि ते मुद्दाम सांगितलं जात नाही. हे मी तुमचं ऑफिस न बघता लिहितोय, कारण सगळीकडे तेच चालतं. समजा बुधवारी होसूरची गाडी भरली. गुरुवारी दुपारी कंपनीचा मेल येतो: शनिवारी स्टॉक मोजणी आहे, माल सोमवारी उतरवू. सुपरवायझर वाचतो आणि गप्प बसतो. ‘सांगितलं तर रमतगमत जाईल’ हा त्याचा विचार. ड्रायव्हर बिचारा दोन रात्री जागून शुक्रवारी संध्याकाळी गेटवर पोचतो. सिक्युरिटीवाला वहीत बघून म्हणतो, मंडे. तो ऑफिसला फोन लावतो. इकडून उत्तर येतं, ‘अच्छा? मी बोलून सांगतो.’ मग शनिवार, रविवार गेटबाहेर. संडास नाही, सावली नाही, जेवायचं तर गाडी सोडून कुठे जायचं, टायर आणि ताडपत्री कोण राखणार? सोमवारी गाडी उभी असताना शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर सांगतो, ‘आम्हाला गुरुवारीच सांगितलं होतं, मी चित्रदुर्गला एक रात्र झोपून आलो.’

झालं. तिथे तुमचा ड्रायव्हर गेला. प्रत्यक्ष जाईल महिन्याने, पण गेला तो तिथेच.

तुम्ही वाढवलेले तीन हजार याला पुरे पडत नाहीत. गाडी भरण्याआधी त्याला चार गोष्टी कळायला हव्यात: माल काय आणि किती, कधी पोचायचं आणि कधी खाली होणार, तिथे वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) कोण देणार, आणि परतीचा माल आहे की रिकामं थांबायचंय. शेवटचं ठाऊक नसेल तर ‘अजून ठरलं नाही, उद्या सकाळी अकराला सांगतो’ असं सांगा आणि अकराला खरंच सांगा, तेव्हाही ठरलेलं नसलं तरी. वाराईचं तर आधीच मिटवून ठेवा. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ अशा घोषणा देऊन झाल्या, तरी गोदामावर पाचशे-हजारासाठी हमालांशी घासाघीस करतो तो ड्रायव्हरच, आणि पुढे ऑफिसात ‘एवढे कशाला दिलेस?’ हेही तोच ऐकतो.

ई-वे बिलाचंही, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचंही, तसंच. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने होसूरच्या नऊशेएक किलोमीटरला पाच दिवस मिळतात. गाडी गेटवर अडकली किंवा वाटेत बिघडली की मुदत जवळ येते. ती वाढवून घ्यायची ती संपण्याआधी आठ तास ते संपल्यानंतर आठ तास या वेळात, आणि ते काम लॉगिन असलेल्या माणसाचं. रात्री तपासणीला गाडी अडवली की साहेबासमोर उभा राहतो मात्र ड्रायव्हर, आणि ऑफिसचा नंबर वाजत राहतो. रात्री दहा ते सकाळी सहा फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर प्रत्येक केबिनमध्ये चिकटवा. त्या माणसाला निर्णयाचा अधिकार द्या: पाच हजारांपर्यंत पैसे पाठवणं, क्रेन बोलावणं, ‘झोप, सकाळी निघ’ म्हणणं. ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढंच म्हणू शकणारा माणूस रात्री बसवून काही साधत नाही.

हिशोबावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण ड्रायव्हराच्या मनात मालकाबद्दल जे मत होतं ते तिथेच होतं. तुमच्याकडे तो कसा होतो, ते एकदा शेजारी बसून बघा. ड्रायव्हर येतो, हातात कॅरीबॅग, तीत पंक्चरची चिठ्ठी, वजनकाट्याची पावती, पार्किंगची पावती, माल मिळाल्याची पोच. टोल फास्टॅगमधून जातो म्हणून बाड पूर्वीपेक्षा कमी. क्लार्क पावत्या बघत बघत कॅल्क्युलेटर दाबतो, मध्येच एक बाजूला काढतो, ‘ही चालणार नाही.’ का चालणार नाही, ते सांगत नाही. डिझेल कमी-जास्त म्हणून काही कापलं, आठ महिन्यांपूर्वीचं ई-चलान म्हणून काही कापलं, उचलीचा हप्ता कापला. शेवटी एक आकडा सांगतो. माणूस तो आकडा घेऊन उठतो, आणि बाहेर टपरीवर गेल्यावर त्याच्या डोक्यात बेरीज सुरू होते.

हे बदलायला सॉफ्टवेअर लागत नाही. हिशोबाचा एक कागद करा, त्यावर प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत आणि समोर कारण. ड्रायव्हरला वाचून दाखवा, हिंदीवाल्याला हिंदीत, त्याची सही घ्या आणि एक प्रत त्याला द्या. ज्या कपातीवर त्याचं म्हणणं वेगळं आहे ती त्या दिवशी कापू नका. बाजूला लिहा, तीन दिवसांत तुम्ही स्वतः निकाल द्या. ई-चलान मालकाच्या मोबाइलवर येतं, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. आलं त्याच दिवशी फोटोसकट त्याला पाठवा. आठवड्याच्या आत विचारलंत तर तो सांगेल की त्या ठिकाणी पोलिसानेच गाडी आत घ्यायला लावली होती. आठ महिन्यांनी विचारलंत तर नुसती तुमची लूट आठवेल. आणि सोडून जाणाऱ्याचा शेवटचा पगार अडकवायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. गेलेल्या अकरा जणांना तुम्ही स्वतः फोन करा. ‘परत या’ म्हणायला नव्हे. ‘शेवटचा हिशोब पूर्ण मिळाला का?’ एवढंच विचारा, राहिला असेल तर द्या, मग गप्प बसून ऐका. ढाब्यावर तुमच्या नावाने काय बोललं जातं ते त्या अकरा फोनांत कळेल. हुबळीवाल्याचाही हिशोब करा. त्याच्यामुळे दुसरा ड्रायव्हर पाठवायला खर्च झाला असेल तर तो कागदावर दाखवून कापा, पण उरलेले पैसे द्या.

एव्हरेजबद्दल, म्हणजे लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते त्याबद्दल, एक इशारा देतो. डिझेलवर बक्षीस ठेवणं बहुतेक ट्रान्सपोर्टर करतात, तुम्हीही करत असाल. ऑफिसातून रोज ‘एव्हरेज काढ, एव्हरेज काढ’ असं ऐकणारा ड्रायव्हर परतीच्या वाटेवर पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडतो आणि नवले पुलापर्यंतच्या उतारावर गाडी न्यूट्रल करतो. इंजिनाची ओढ गेली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. इंजिनच बंद केलं असेल तर ब्रेकची हवाही भरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री त्या उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकल्या होत्या. न्यूट्रलवर गाडी सोडणं हे तिथल्या अपघातांचं एक कारण म्हणून पोलिसांनी वारंवार सांगितलं आहे. तुम्ही न्यूट्रल कर असं कधीच म्हणाला नसाल. पण ऑफिसातून एकाच आकड्याची विचारणा होत राहिली तर माणूस त्याचा अर्थ आपापल्या परीने लावतो. उतारावर गिअरमध्ये आणल्यामुळे एव्हरेज पडलं तर एक रुपयाही कापणार नाही, हे तुमच्या तोंडून, नाव घेऊन, प्रत्येकाला ऐकू द्या.

अपघाताचा विषय निघालाच आहे. जानेवारी २०२४ चा ड्रायव्हरांचा संप आठवत असेल. नव्या न्याय संहितेत अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, हे कलम १०६(२). मोबाइलवर त्याला सात लाखांच्या दंडाची पुरवणी जोडली गेली. कलमात असा काही आकडा नव्हता. वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय ते लागू करणार नाही असं केंद्राने सांगितलं, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत किती मालकांनी आपल्या माणसांना बसवून हे कलम समजावलं? फार थोड्यांनी. बाकीच्यांचे ड्रायव्हर फॉरवर्ड वाचत बसले. ‘अपघात झाला तर’ असा एक कागद करा: जमाव असेल तर आधी जीव वाचव, जवळच्या चौकीत जा, १०८ आणि ११२ ला कळव, मग आम्हाला. आणि आमच्याकडून काय होईल: कोण येईल, वकील कोण देईल, जामीन कोण करेल, आत असेपर्यंत घरी पगार जाईल की नाही. शेवटच्या ओळीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तेही लिहा. माझं म्हणाल तर ‘हो’ लिहा.

मग घरी जायची तारीख. तुमचे ड्रायव्हर कुठले आहेत हे पत्रात नाही. बीड-पाथर्डीकडचे असतील तर दसरा-दिवाळी, बिहारचे असतील तर छठ, आणि गावची जत्रा सगळ्यांनाच. भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावा, प्रत्येकाकडून त्याच्या दोन पक्क्या तारखा घ्या, त्या मोडायच्या असतील तर तुमच्याच सहीने मोडा. गुरुग्रामच्या रिव्हिगो कंपनीने दर चार-पाच तासांनी ड्रायव्हर बदलायची रिले पद्धत काढली होती, म्हणजे माणूस त्याच दिवशी घरी. पुढे २०२२ मध्ये त्यांचा एक्सप्रेसचा धंदा महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला. पैशाचं गणित जमवणं अवघड, हे त्यात दिसलं, आणि २६ गाड्यांत तुम्हाला तसं करताही येणार नाही. पण हुबळी तुमच्या लाइनच्या साधारण मध्यावर आहे. महिन्यातून एक-दोन फेऱ्यांना तिथे गाड्यांची अदलाबदल करून जाणाऱ्याला परत फिरवता येतं का, हे ड्रायव्हरांनाच विचारा. त्यांच्याकडे उत्तर असेल.

ग्रुपबद्दल थोडक्यात. सगळ्यांसमोर एकाला झापायचं नाही. लांबलचक मराठी मजकुराऐवजी अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, हिंदी कळणाऱ्यांसाठी हिंदीत. ‘सुप्रभात’ बंद. कॅमेऱ्याबद्दल एकदा बसून सांगा की तो का लावला, चित्रण कोण बघतं, किती दिवस राहतं, आणि झोपलेल्या माणसाचं चित्रण कोणी बघत नाही. हे न सांगता लावलात, म्हणूनच काही केबिनमध्ये त्यावर गमछा अडकवलेला असेल. आणि पन्नाशीच्या ड्रायव्हरला ‘अरे ए’ म्हणायचं नाही. तुमचे वडील त्यांना मामा, काका म्हणत असतील. तुम्हीही म्हणा, सुपरवायझरलाही म्हणायला लावा.

सुपरवायझरला काढू नका, निदान आत्ताच नको. तुम्ही त्याला कशावर मोजता? महिन्यात किती फेऱ्या झाल्या यावर. मग सोमवारची गोष्ट तो गुरुवारी कशाला सांगेल? त्याच्या कामात एक आकडा वाढवा, त्याच्याकडचे किती ड्रायव्हर वर्षभर टिकले. आणि त्याला वर्षातून एकदा होसूरच्या फेरीला बाजूच्या सीटवर बसवून पाठवा. विमानाने परत आणू नका.

आता सत्काराकडे. रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये ट्रक ड्रायव्हरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात ८४ टक्के जण म्हणाले होते की घरच्या कोणाला या कामात यायला आम्ही सांगणार नाही. निम्म्यांच्या आसपास लोकांनी थकवा-झोप असतानाही चालवतो असं कबूल केलं होतं. दिवसाचं चालवणं सरासरी १२ तासांच्या घरात निघालं होतं, आणि तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ठरवलेलं होतं आठ तासांचं. या माणसांना व्याख्यात्याने काय सांगायचं? तेवढ्या पैशात चाकणच्या यार्डात दोन संडास, एक न्हाणी आणि पंखा असलेली झोपायची खोली होईल. शाल-श्रीफळ जरूर द्या, पण थकलेल्या हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून पडलेल्या दिवसांचे, पैसे चुकते केल्यावर.

एक गोष्ट बोलण्याने सुटणार नाही, तीही ध्यानात ठेवा. तुमच्या शेजारचा ट्रान्सपोर्टर तुमच्यापेक्षा महिन्याला पाच हजार जास्त देत असेल आणि कंपनीकडून हॉल्टिंग वसूल करून त्यातला वाटा ड्रायव्हरला देत असेल, तर तुम्ही कितीही गोड बोला, माणूस तिकडे जाईल आणि जावंच. कंपनीकडून हॉल्टिंग मागायची हिंमत तुम्हालाच करावी लागेल. सगळ्यात आधी त्या होसूरच्या गेटचं.

घरच्यांचे नंबर ठेवा, पण ड्रायव्हरला विचारून, आणि नंबर कोणाचा ठेवायचा हेही त्यालाच ठरवू द्या. ‘तुमचा माणूस फोन उचलत नाही’ म्हणून त्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही. वहिनींना मध्यरात्री तसा फोन गेला की त्या पहाटेपर्यंत बसून राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला म्हणतात, सोडा ती गाडी. घाटात जाम आहे, नेटवर्क नाही, पोचायला सकाळ होईल, असं असेल तेव्हा ऑफिसनेच आपणहून त्या नंबरवर कळवायचं.